अनुभवाची अट आणि पहिली संधी

मराठी भाषेत ‘उमेदवार’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. नोकरीसाठी अर्ज करतो तो उमेदवार, आणि एखाद्या जाणत्या माणसाच्या हाताखाली राहून काम शिकतो तोही उमेदवारच. वकिलाच्या कचेरीत, छापखान्यात, सोनाराच्या दुकानात किंवा सुताराच्या कामट्यावर “मी दोन वर्षे उमेदवारी केली” असे आपले वाडवडील सांगत असत. मूळ फारसी शब्दाचा अर्थ ‘उमेद बाळगणारा’ असा आहे. या जुन्या वापरात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. काम मागावयास येणारा माणूस काम शिकावयासही आलेला असतो, आणि ठेवून घेणाऱ्याने ते त्याला शिकवावयाचे असते.

आज नोकरीच्या जाहिरातींत या दोन अर्थांची ताटातूट झालेली दिसते. “किमान तीन वर्षांचा अनुभव आवश्यक”, “अनुभवी व्यक्तीस प्राधान्य” ही वाक्ये इतकी सरावाची झाली आहेत की, ती का घातली याचा विचार लिहिणाराही करीत नाही. नुकताच पदवीधर झालेला मुलगा किंवा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेली मुलगी अनुभव नाही म्हणून काम मिळवू शकत नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव मिळवू शकत नाही. या कोंडीची झळ उमेदवाराला लागते हे सर्वांना दिसते. ती संस्थेलाही लागते, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही. निवड करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे, अशा अधिकाऱ्यांनी, पंचायतीच्या व सहकारी संस्थांच्या पदाधिकाऱ्यांनी आणि कारखानदारांनी नवख्या उमेदवारास संधी का द्यावी आणि ती कशी द्यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अट कशासाठी घातली जाते?

अनुभवाची अट घालणारे सर्वच लोक आळशी किंवा निष्ठुर असतात असे मुळीच नाही. त्यांच्यापुढे तीन अडचणी असतात. पहिली अडचण वेळेची. संस्थेत माणसे मोजकी, काम साचलेले. नव्याला शिकवीत बसण्यास कोणास सवड नसते. दुसरी अडचण अर्जांच्या संख्येची. एका जागेसाठी दोनशे अर्ज आले, तर ते चाळावयाचे कसे? अनुभवाच्या अटीची चाळणी लावली की दोनशेचे वीस होतात. तिसरी अडचण सहसा कोणी बोलून दाखवीत नाही. अनुभवी माणूस निवडला आणि तो वाईट निघाला, तर निवड करणाऱ्याला कोणी दोष देत नाही. नवखा माणूस निवडला आणि त्याच्या हातून चूक झाली, तर “याला घेतला कोणी?” असा प्रश्न पहिल्या दिवशी विचारला जातो. अनुभवाची अट ही पुष्कळदा संस्थेचे रक्षण करण्यापेक्षा निवड करणाऱ्याचे रक्षण करण्यासाठी असते.

या तिन्ही अडचणी खऱ्या आहेत. परंतु अनुभवाची वर्षे मोजल्याने त्या सुटतात काय, हे पाहिले पाहिजे.

वर्षांच्या आकड्यावरून काय कळते?

माणूस कामास कसा निघेल हे निवडीच्या वेळी कशावरून ओळखावे, या प्रश्नावर गेल्या शंभर वर्षांत पुष्कळ संशोधन झाले आहे. १९९८ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी पंचाऐंशी वर्षांतील अशा संशोधनाचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. प्रत्यक्ष कामाचा नमुना करून घेणे, तसेच सर्वांना ठरावीक प्रश्न विचारून पद्धतशीर मुलाखत घेणे, या रीती त्यात बऱ्याच वरच्या क्रमांकावर आल्या, आणि अनुभवाची निव्वळ वर्षे त्यांच्या पुष्कळ खाली राहिली. त्यानंतर २०१९ साली चॅड व्हॅन इडेकिंगे व त्यांच्या सहकाऱ्यांनी केवळ पूर्वानुभवाचा प्रश्न घेऊन ८१ अभ्यासांची छाननी केली. नोकरीस लागण्यापूर्वीचा अनुभव आणि नोकरीतील कामगिरी यांतील संबंध शून्य ते एक या मापावर मोजला, तर तो सरासरीने अवघा ०.०६ भरला. शून्य म्हणजे काहीच संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, हे लक्षात घेतले म्हणजे हा आकडा किती अल्प आहे ते कळेल. पूर्वानुभव असलेली माणसे नोकरीत अधिक काळ टिकतात, असेही या छाननीत दिसून आले नाही.

ही संशोधने मुख्यतः परदेशांतील असून त्यांवरून अनुभवाला किंमत नाही असा अर्थ काढणे चुकीचे होईल. अनुभवाला मोठी किंमत आहे. वर्षांचा आकडा हे मात्र त्या अनुभवाचे खरे माप नव्हे. याचे कारण आपल्या भोवती पाहिले तरी उमगते. एक कारकून पाच वर्षे केवळ आवक-जावक नोंदवही भरतो. दुसरा दीड वर्षात किर्द, खतावणी आणि तेरीज तिन्ही शिकून वर्षअखेरचा ताळा स्वतः जमवितो. अर्जावर पहिल्याचा अनुभव पाच वर्षे आणि दुसऱ्याचा दीड वर्ष असाच लिहिला जाणार. शिवाय एका कचेरीत अंगी बाणलेली रीत दुसऱ्या कचेरीत उपयोगी पडेलच असे नाही. काही वेळा ती मोडून काढण्यातच नव्या वरिष्ठाचे सहा महिने जातात.

बडोद्याचा दाखला

नवख्यांना संधी देण्याने काय घडू शकते, आणि केवळ संधी दिल्याने काय घडत नाही, या दोन्ही गोष्टी बडोदे संस्थानाच्या इतिहासात स्पष्टपणे पाहावयास मिळतात.

१८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाल्यावर महाराणी जमनाबाईंनी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावच्या काशीराव गायकवाडांचा बारा वर्षांचा मुलगा गोपाळराव यास दत्तक घेतले. हाच पुढे सयाजीराव महाराज म्हणून प्रसिद्धीस आला. शेतकरी कुटुंबात वाढलेल्या या मुलास शाळेचे शिक्षण मिळालेले नव्हते. राज्यकारभाराच्या अनुभवाचे तर नावच नको. परंतु त्यास लगेच कारभार सोपविला गेला नाही. दिवाण सर टी. माधवराव यांच्या हाती राज्य राहिले आणि एफ. ए. एच. इलियट या शिक्षकाच्या देखरेखीखाली मुलाचे शिक्षण सुरू झाले. राज्य कसे चालवावे यावर माधवरावांनी स्वतः त्यास व्याख्याने दिली. सुमारे साडेसहा वर्षांनी, २८ डिसेंबर १८८१ रोजी, महाराजांना संपूर्ण अधिकार मिळाले. याच राजाने १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली सर्व संस्थानात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले. नवख्याची निवड आणि त्याची पद्धतशीर तयारी या दोहोंचे ते फळ होते.

कदाचित स्वतःच्या या पूर्ववृत्तामुळेच असेल, सयाजीराव महाराजांनी माणसे निवडताना वयाचा व अनुभवाचा फारसा बाऊ केला नाही. गोविंद सखाराम सरदेसाई हे रत्नागिरी जिल्ह्यातील तरुण पदवीधर १८८९ साली महाराजांचे वाचक म्हणून बडोद्यास आले. त्या वेळी त्यांच्या नावावर इतिहासाचा एकही ग्रंथ नव्हता. पुढे राजपुत्रांना शिकविण्याचे काम त्यांच्याकडे आले. शिकविण्यासाठी वाचन करावे लागले, वाचनाची टिपणे झाली, आणि त्या टिपणांतूनच ‘रियासत’ या विशाल ग्रंथमालेचा उगम झाला. महाराष्ट्र ज्यांना ‘रियासतकार’ म्हणून ओळखतो, त्यांना इतिहासकार म्हणून नेमलेले नव्हते. नेमणुकीनंतर ते इतिहासकार झाले.

दुसरे उदाहरण अरविंद घोष यांचे. इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या लेखी परीक्षेत ते उत्तीर्ण झाले होते. परंतु घोडेस्वारीच्या चाचणीस उपस्थित न राहिल्याने १८९२ साली त्यांची निवड नाकारली गेली. इंग्लंडमध्येच सयाजीराव महाराजांशी त्यांची भेट घडून आली आणि १८९३ च्या आरंभी, वयाच्या विसाव्या वर्षी, ते बडोद्याच्या सेवेत दाखल झाले. प्रथम जमीनमोजणी व जमाबंदीच्या खात्यात, मग महसुलाच्या कामावर, आणि त्यानंतर बडोदे कॉलेजात फ्रेंच व इंग्रजीचे अध्यापक म्हणून त्यांनी काम केले. पुढे ते त्या कॉलेजचे उपप्राचार्य झाले. एका यंत्रणेच्या चाळणीतून जो माणूस गळून पडला, त्याला निरनिराळ्या खात्यांत फिरवून त्याचे खरे सामर्थ्य कोठे आहे हे दुसऱ्या यंत्रणेने शोधून काढले.

तिसरे उदाहरण मात्र वेगळे आहे, आणि त्यातील धडा अधिक महत्त्वाचा आहे. १९१३ साली बडोदे संस्थानाने डॉ. भीमराव आंबेडकर यांना उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. शिक्षणानंतर संस्थानची सेवा करावी असा करार होता. त्याप्रमाणे १९१७ साली ते बडोद्यास रुजू होण्यास आले. पदवी होती, नेमणूक होती, राजाचा आश्रय होता. परंतु त्या शहरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या या विद्वानास राहावयास जागा मिळेना. नाव बदलून ते एका पारशी विश्रामगृहात उतरले. काही दिवसांनी हाती काठ्या घेतलेल्या लोकांनी येऊन त्यांना तेथून निघून जाण्यास भाग पाडले. सरकारी निवासासाठी त्यांनी केलेला अर्ज एका अधिकाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिला होता. मित्रांकडेही आसरा मिळाला नाही. अखेर गाडीची वेळ होईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून काढून ते मुंबईस परतले. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे.

ज्या संस्थानाने या माणसाच्या शिक्षणावर खर्च केला, त्याच संस्थानाला त्याची सेवा मिळू शकली नाही. नेमणुकीचा कागद वरून निघाला. खाली त्या माणसासाठी जागा करण्याचे काम कोणीच आपले मानले नाही. आजही एखाद्या कचेरीत खालच्या मानलेल्या जातीतील मुलगा, परगावची मुलगी किंवा अपंग उमेदवार नव्याने रुजू होतो, तेव्हा हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा राहतो. त्याला बसावयास खुर्ची आहे काय, जेवणाच्या सुट्टीत त्याला कोणी बोलावते काय, चूक झाली तर विचारावयाचे कोणास हे त्याला ठाऊक आहे काय? संधी देणे हे निवडीच्या दिवशी संपत नाही. त्या दिवशी ते सुरू होते.

लोकशाहीतील नवखे कारभारी

राजाच्या मर्जीने माणसे निवडली जाण्याचा काळ संपला. परंतु लोकशाहीनेही नवख्यांवर विश्वास टाकूनच आपला पाया घातला आहे. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. दोन वर्षांच्या आत, डिसेंबर १९६३ मध्ये, गोवा, दमण व दीवच्या ३० सदस्यांच्या पहिल्या विधानसभेसाठी निवडणूक झाली. साडेचार शतकांच्या पोर्तुगीज राजवटीत येथील सर्वसामान्य माणसाला प्रौढ मताधिकार कधीच मिळाला नव्हता. मत देणारेही नवे होते आणि निवडून येणारेही नवे. पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर खाणव्यवसायातून आलेले होते; शासन चालविण्याचा अनुभव त्यांच्या गाठी नव्हता. “आधी अनुभव आणा, मग मताधिकार देऊ” अशी अट घातली असती, तर ती अट कधीच पुरी झाली नसती.

ग्रामपंचायतींच्या बाबतीतही असेच घडले. १९९३ साली अमलात आलेल्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींतील किमान एकतृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या. “चूल आणि मूल सांभाळणाऱ्या बाईला कारभारातील काय कळणार?” असा प्रश्न तेव्हा गावोगाव विचारला गेला. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्तेर दुफ्लो यांनी पश्चिम बंगाल व राजस्थानातील पंचायतींचा अभ्यास करून २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव असलेल्या पंचायतींनी पिण्याच्या पाण्यासारख्या, स्त्रियांना निकडीच्या वाटणाऱ्या कामांवर अधिक लक्ष पुरविल्याचे त्यांना आढळले. या स्त्रियांपाशी कारभाराचा अनुभव नव्हता. विहिरीवरून पाणी आणण्याचा होता. अर्जाच्या रकान्यात न मावणारा असा अनुभव पुष्कळ नवख्या माणसांपाशी असतो. तो विचारल्याशिवाय कळत नाही.

अनुभव कोठे आवश्यकच आहे?

येथवरचे विवेचन वाचून सर्वच जागा नवख्यांना द्याव्यात असा समज होऊ नये. काही कामांत पहिलीच चूक अखेरची ठरू शकते. उच्च दाबाच्या वीजवाहिनीवरील काम, बाष्पकाची देखरेख, शस्त्रक्रिया, प्रवासी वाहन चालविणे ही अशी कामे होत. तेथे कायद्यानेच योग्यतेच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. उदाहरणार्थ, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे हलके वाहन चालविण्याचा परवाना किमान एक वर्ष जवळ असल्याखेरीज परिवहन वाहनाचा शिकाऊ परवाना मिळत नाही. अशा ठिकाणी अट शिथिल करणे म्हणजे लोकांच्या जिवाशी खेळणे होय.

मग सीमा कोठे आखावी? निवड करणाऱ्याने स्वतःस एक साधा प्रश्न विचारावा : या जागेवरील माणसाच्या हातून चूक झाली, तर ती वेळीच नजरेस येऊन दुरुस्त करता येईल काय? ज्या कामात उत्तर ‘होय’ असे येते, तेथे नवख्यास घेण्यास हरकत नाही. हिशेबनीस, ग्रंथालय सहायक, भांडारातील कारकून, जोडारी किंवा कातारी यांचा मदतनीस अशा असंख्य जागा या प्रकारात मोडतात.

शासकीय कचेऱ्यांपुरता एक खुलासा येथे आवश्यक आहे. शासकीय पदांसाठीच्या पात्रता सेवाप्रवेश नियमांनी ठरतात. त्या आपल्या मर्जीने सैल करण्याचा अधिकार कोणाही अधिकाऱ्यास नसतो, आणि नसावा. परंतु नियम तयार होत असताना अनुभवाची अट खरोखर हवी काय, असा अभिप्राय देणे, आणि रुजू झालेल्या नवख्यास योग्य कामे सोपविणे, या गोष्टी अधिकाऱ्याच्या हाती निश्चित असतात.

निवड आणि तयारी कशी करावी?

एक उदाहरण घेऊ. समजा, एका गावच्या सहकारी पतसंस्थेत हिशेबनिसाची जागा भरावयाची आहे. जुने हिशेबनीस दोन वर्षांनी निवृत्त होणार आहेत. संचालक मंडळाने पुढील क्रमाने काम करावे.

पहिली पायरी कामाची यादी करण्याची. पहिल्या दिवसापासून काय यावयास हवे आणि तीन महिन्यांत काय शिकविता येईल, याचे दोन रकाने करावेत. नीट बेरीज-वजाबाकी, स्वच्छ नोंद, प्रामाणिकपणा आणि सभासदांशी सौजन्याने बोलणे या गोष्टी पहिल्या रकान्यात येतील. संस्थेच्या खतावणीची विशिष्ट पद्धत, संगणकावरील नोंदी आणि लेखापरीक्षणाची तयारी दुसऱ्या रकान्यात जाईल. ‘तीन वर्षांचा अनुभव’ या शब्दांनी आपणास नेमके काय हवे होते, हे एवढ्याने पुष्कळसे स्पष्ट होते.

दुसरी पायरी नमुना कामाची. प्रत्येक उमेदवारास एका दिवसाच्या काल्पनिक पावत्या आणि खर्चाच्या चिठ्ठ्या द्याव्यात आणि त्यांवरून किर्द लिहावयास सांगावे. त्यांत एक चूक मुद्दाम ठेवावी. ती चूक कोणाच्या ध्यानात आली, आणि ध्यानात आल्यावर त्याने विचारले की गुपचूप आकडा जुळविला, हे पाहावे. अर्धा-पाऊण तासाच्या या परीक्षेने जे कळते ते अनुभवाच्या दाखल्यावरून क्वचितच कळते. उमेदवार पुष्कळ असतील, तर अर्ज चाळण्यासाठीही अशी छोटी परीक्षा सर्वांना एकदम देता येते.

तिसरी पायरी मुलाखतीची. सर्वांना तेच प्रश्न विचारावेत. प्रत्येक सदस्याने आपापले गुण आधी लिहावेत आणि मगच चर्चा करावी. “नव्याला संधी देऊ” या सबबीखाली कोणाचा भाचा किंवा जावई आत येऊ नये, यासाठी ही दक्षता फार महत्त्वाची आहे. वशिल्याने घेतलेला नवखा माणूस संस्थेचे नुकसान तर करतोच. पण पुढे येणाऱ्या प्रत्येक प्रामाणिक नवख्याची वाटही तो बंद करतो.

चौथी पायरी मार्गदर्शक नेमण्याची. “सर्वांनी त्याला सांभाळून घ्या” असे सांगणे म्हणजे कोणीच सांभाळू नये असे सांगणे होय. एका व्यक्तीचे नाव ठरवून द्यावे आणि तिच्या स्वतःच्या कामाचा भार तेवढ्या काळापुरता थोडा हलका करावा. आपल्या उदाहरणात निवृत्तीस आलेले हिशेबनीस यासाठी सर्वांत योग्य. त्यांच्या मनात साठलेली तीस वर्षांची माहिती, म्हणजे कोणता सभासद पावसाळ्यानंतर हप्ता भरतो, कोणती जुनी नोंद कोठे सापडते, ही कोणत्याही पुस्तकात लिहिलेली नसते. ते निवृत्त झाल्यावर माणूस शोधण्यापेक्षा ते कामावर असतानाच त्यांच्या शेजारी शिकणारा बसविला, तर ही माहिती संस्थेत राहते.

पाचवी पायरी जबाबदारी क्रमाक्रमाने वाढविण्याची. पहिल्या महिन्यात रोजची किर्द, तिसऱ्या महिन्यात खतावणी, सहाव्या महिन्यात तेरीज असे टप्पे ठरवावेत आणि प्रत्येक टप्प्यावर झालेल्या कामाचा लेखी आढावा घ्यावा. पैशांचे व्यवहार प्रारंभी दुसऱ्याच्या सहीशिवाय पुरे होऊ नयेत. यात अविश्वास नाही. चूक लहान असतानाच सापडावी म्हणून केलेली ही योजना आहे.

सहावी पायरी परिवीक्षा काळाचा खरा उपयोग करण्याची. पुष्कळ ठिकाणी हा काळ केवळ कागदोपत्री सरतो. उमेदवार प्रगती करीत नसेल, तर ते त्यास वेळीच, कारणासह आणि लेखी कळवावे. सुधारणेस अवधी द्यावा. तरीही जमत नसेल तर काळ संपण्यापूर्वी निर्णय घ्यावा. नवख्यास घेण्यातील धोका शून्य होत नाही. परंतु या सहा पायऱ्यांनी तो मोजता येण्याजोगा आणि सोसता येण्याजोगा होतो. ज्याला बेधडक जुगार समजले जाते, ते काम या मार्गाने एका साध्या व्यवस्थेत बसते.

कायद्याने केलेली सोय

उमेदवारीच्या जुन्या रीतीला आपल्या देशात कायद्याचे रूपही मिळाले आहे. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार जोडारी, वीजतंत्री, संधाता, कातारी अशा व्यवसायांत कारखान्यांनी तरुणांना शिकाऊ उमेदवार म्हणून घ्यावयाचे असते, आणि या काळात त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. १९७३ च्या दुरुस्तीने अभियांत्रिकी पदवी व पदविकाधारकांना, तर १९८६ च्या दुरुस्तीने व्यावसायिक अभ्यासक्रम पुरा केलेल्यांना ही सोय लागू झाली. २०१९ साली सुधारलेल्या नियमांप्रमाणे ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांवर ही जबाबदारी बंधनकारक करण्यात आली आणि एकूण मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के इतके शिकाऊ उमेदवार घेण्याची मर्यादा ठरली. म्हणजे ४० माणसांच्या कारखान्यास किमान एक आणि कमाल सहा उमेदवार घेता येतात. २०१६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही वाटा केंद्र शासनाने उचलण्याची तरतूद करण्यात आली. चालू दर व अर्जाची रीत जवळच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत विचारल्यास समजू शकते.

या सोयीचा एक गैरवापर होतो, त्याचाही उल्लेख केला पाहिजे. “अनुभव मिळतो आहे ना, मग पैसे कशाला?” असे म्हणून तरुणांकडून फुकट काम करून घेणारे काही मालक आढळतात. उमेदवारास काहीही न शिकविता त्याच्याकडून केवळ झाडलोट व हमाली करून घेणे ही उमेदवारी नव्हे. विद्यावेतन हा शिकाऊ उमेदवाराचा कायदेशीर हक्क आहे, हे त्याच्या पालकांनीही ध्यानात ठेवावे.

शिक्षकांना आणि उमेदवारांना

या कामी शिक्षकांची मदत मोठी आहे. “वर्तणूक चांगली, अभ्यासू मुलगा” अशा ठरावीक दाखल्याने निवड करणाऱ्यास काहीच कळत नाही. त्याऐवजी “या विद्यार्थिनीने दोन वर्षे शाळेच्या ग्रंथालयाची देवघेव सांभाळली आणि वर्षअखेरच्या मोजणीत एकही पुस्तक कमी आले नाही”, असे प्रत्यक्ष पाहिलेले, खरे आणि नेमके लिहून द्यावे. उमेदवारांनीही आपण केलेल्या कामांची वही ठेवावी. घरच्या दुकानाचा हिशेब, गावच्या जत्रेची वर्गणी, दूध संस्थेतील सुट्टीतील काम ही सर्व कामेच आहेत. मुलाखतीत “मला अनुभव नाही” एवढेच सांगून थांबू नये. आपण काय केले आहे, आणि काय येत नाही, हे दोन्ही सरळ सांगावे. आपले उणे प्रांजळपणे सांगणारा माणूस लवकर शिकतो, हे जाणता वरिष्ठ ओळखतो.

निवड करणाऱ्यांनी शेवटी स्वतःच्या पहिल्या नोकरीची आठवण करावी. आज जे मुख्याध्यापक, सचिव किंवा अभियंता म्हणून मानाने बसले आहेत, त्यांना कोणीतरी एके दिवशी अनुभवाच्या दाखल्याशिवाय आत घेतले होते. पहिल्या चुकीच्या वेळी कोणीतरी रागावून, पण शेजारी बसवून ती दुरुस्त करून घेतली होती. ज्यांनी हे केले त्यांपैकी बहुतेक आज निवृत्त झाले असतील किंवा हयात नसतील. ते ऋण त्यांना परत करता येत नाही. पुढे येणाऱ्या नव्या उमेदवारास मात्र ते देता येते. पुढील जागेची जाहिरात लिहावयास बसाल, तेव्हा अनुभवाच्या रकान्यापाशी क्षणभर थांबून या अटीवाचून काम अडेल काय, एवढा विचार अवश्य करावा.